लिहिणाऱ्याला वाचणारा हवा



पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत मराठी बोलली जाते, पण मुलांची वही हिंदीत भरते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. लिपी एकच, त्यामुळे मराठी वाचता येई. लिहिताना मात्र ‘ळ’पाशी हात अडखळे, कारण शाळेतल्या वर्णमालेत तो नव्हताच. आजही लहान मुले ‘डोळा’चे ‘डोला’ करतात.

मुले लिहीत नाहीत, ही सर्वांची तक्रार. परंतु त्यांचे लिहिलेले वाचतो कोण? फक्त शिक्षक, तेही लाल शाईने चुका काढण्यापुरते!

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरला शिक्षक झाले. तेथील वसतिगृहात मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. आधी गुरुजी लिहीत, मग मुलांना गोडी लागे.

आपणही तसेच करू. प्रत्येक प्राथमिक वर्गाबाहेर एक फळा लावू. पहिला आठवडा शिक्षक लिहितील, आम्हीही लिहू. आमचा ‘ळ’ चुकला तर मुलांनी जरूर सांगावे. नंतर रोज एका मुलाच्या चार ओळी: पोळ्याचा बैल, संत्र्याचा बगीचा, आजीची गोष्ट, काहीही. फळ्यावर लाल खूण होणार नाही. चुका वर्गात समजावू.

पालकांनी मुलांना न्यायला आल्यावर ते वाचावे आणि खाली एक ओळ उत्तर लिहावे. विश्वस्त मंडळाने फळे द्यावेत, आणि सभेला येताना दोन मिनिटे तेथे थांबावे. नुसती बोलून मराठी या भागात फार काळ टिकणार नाही, असे आम्हास वाटते.