इतिहासाच्या शिक्षकाला आधी इतिहास द्या

दरवर्षी २ ऑगस्टला दादरा आणि नगर हवेलीतल्या सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो. झेंडावंदन होते, भाषणे होतात, १९५४ साली इथली पोर्तुगीज सत्ता संपल्याचा उल्लेख होतो. अशा वेळी नववीतल्या एखाद्या मुलीने उठून विचारावे, "सर, दमण तर इतकं जवळ. मग पोर्तुगीजांनी तिथून फौज का नाही आणली?" या एका प्रश्नाचे उत्तर थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत जाते. ते देता यावे अशी तयारी आपण शिक्षकाची करून घेतलेली नाही. हा दोष शिक्षकाचा नाही, त्याला मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: प्रशिक्षणे काय कमी आहेत? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. 'दीक्षा'सारखे ऑनलाइन व्यासपीठ आहे, 'निष्ठा'सारखा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. मान्य. पण तास भरले म्हणजे विषय आला असे होत नाही. मूल्यमापन, संगणकाचा वापर, सर्वसमावेशक वर्ग हे सारे हवेच. मात्र ते गणिताच्या आणि इतिहासाच्या शिक्षकाला सारखेच लागू पडते. जुना कागद कसा वाचावा, दोन साक्षी जुळल्या नाहीत तर काय करावे, हे इतिहासाच्या शिक्षकाला वेगळे शिकवावे लागते.

दुसरा आक्षेप: आंतरराष्ट्रीय कायदा या वयात झेपणार नाही. झेपतो, कारण पोर्तुगाल आणि भारत यांच्यातला हेगचा खटला मुळात वाटेचा आहे: दमणहून भारताच्या हद्दीतून दादरा आणि नगर हवेलीत जाण्याच्या वाटेचा. दुसऱ्याच्या शेतातून आपल्या शेतावर जाण्याची वहिवाट म्हणजे काय, हे इथल्या खानवेल गावच्या मुलाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी दावा लावला तो याच हक्कासाठी. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची वाट ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य केली. सशस्त्र दले आणि दारूगोळा यांची वाट ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारली, कारण ती आधीपासून परवानगीनेच मिळत होती. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. परवानगीने मिळते त्याला हक्क म्हणता येत नाही: आंतरराष्ट्रीय संबंधांचा एवढा स्वच्छ पाठ दुसरीकडे शोधायला कशाला जायचे?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्थानिक इतिहास उकरला की श्रेयाचे वाद उठतात. उठू देत. दादरा युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने घेतले; नरोली आणि सिल्वासाच्या लढ्यात आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते; वारली भागात कम्युनिस्ट कार्यकर्ते होते. दादऱ्याच्या चौकीत मारला गेलेला आनिसेतो रोझारियो हा पोलीस अधिकारी पोर्तुगालच्या लेखी वीर ठरला. हे सारे एकाच वर्गात प्रामाणिकपणे मांडता येणे, यालाच इतिहास शिकवणे म्हणतात. वाद टाळून शिकवलेला इतिहास भाषणापुरता उरतो.

मग प्रशिक्षण कसे असावे? त्याच ५० तासांतले पाच दिवस सुट्टीत काढावेत आणि मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही माध्यमांचे शिक्षक एकत्र बसवावेत. पहिल्या दिवशी १७ डिसेंबर १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या सनदा वाचाव्यात. मराठ्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल दिला, की मुलूखच दिला? हेगच्या न्यायाधीशांनीही याचा निवाडा करताना 'जहागीर' आणि 'सरंजाम' या शब्दांचा अर्थ लावला. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, असे त्यांनी म्हटले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले, हेही नोंदवले. या शब्दांची किल्ली मराठी शिक्षकाच्या हातात आहे. ती त्याने इतर तीन माध्यमांच्या सहकाऱ्यांना द्यावी.

दुसरे काम वृद्धांकडे जाण्याचे. १९५४ मध्ये दहा वर्षांचे असलेले वारली, कोकणा, धोडिया आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची आठवण टिपून ती कागदाशी ताडून पाहण्याची रीत शिक्षकाला शिकवा. तिसरे, १९५४ ते १९६१ या काळात इथला कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ पंचायतीची सात वर्षे अभ्यासा. विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंसमोर या प्रदेशाच्या वतीने सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी यांना एका दिवसाचे पंतप्रधान केले गेले, ही ११ ऑगस्ट १९६१ ची घटना आहे. राज्य म्हणजे काय, मान्यता कोण देते, हे यातून दहावीच्या वर्गाला उलगडते.

शेवटी प्रत्येकाने एक पाठ तयार करून वर्गात घ्यावा, सहकाऱ्याने तो मागे बसून पाहावा आणि दिवाळीनंतर सर्वांनी पुन्हा भेटून तो दुरुस्त करावा. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला आधीपासून पाठ असण्याची गरज नाही. ते कोणत्या कागदात शोधायचे हे त्याला ठाऊक असावे, आणि तो कागद त्याने तिच्यासमोर उघडून ठेवावा.