चष्मा डबीत असतो तेव्हा

परीक्षा संपल्या की सहलींच्या बस निघतात. १९९८ साली गोराईला वॉटर किंगडम सुरू झाले तेव्हा वॉटर पार्क ही शहरी चैन होती. आता खोपोलीच्या इमॅजिकापासून जिल्ह्याच्या गावाबाहेरच्या छोट्या पार्कांपर्यंत मे महिन्यात पोरांच्या रांगा लागतात. त्या रांगांत चष्मेवाली मुले पूर्वीपेक्षा बरीच जास्त असतात. घसरगुंडीच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी चष्मा काढायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पाण्याच्या वेगात चष्मा टिकत नाही. पडला तर तळाशीच जातो, कारण पॉलिकार्बोनेटची घनता १.२० आणि सीआर-३९ची १.३२.

चष्मा काढल्यावर मुलाला किती दिसते, हे मात्र आईवडिलांना ठाऊक नसते. ऑप्टोमेट्रिस्टला असते; नंबर त्यानेच लिहिलेला असतो. शंभराला नंबराने भागले की स्पष्ट दिसण्याची हद्द सेंटिमीटरमध्ये मिळते. मायनस दोनच्या मुलाला ५० सेंटिमीटर, मायनस पाचला २०, मायनस आठला साडेबारा. वीस सेंटिमीटर म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही! त्यापलीकडच्या धुक्यातून त्या मुलाला लाटांच्या तलावात ओल्या डोक्यांच्या गर्दीतली आई ओळखायची असते, निसरड्या पायऱ्या उतरायच्या असतात, वरचा माणूस हाताने ‘थांब’ म्हणतोय की ‘ये’ ते समजून घ्यायचे असते.

हे गणित कार्डाच्या मागे लिहून द्यायला दहा सेकंद लागतात. तरीही आपल्या दुकानांत ‘नंबर थोडा वाढलाय’ एवढ्यावर बोलणे संपते. एकदा वीतभराची गोष्ट कळली, की पालक आपणहून भडक रंगाचा टी-शर्ट घालतात, भेटायची जागा ठरवतात आणि पाण्यात मुलाचा हात सोडत नाहीत.

नंबरच्या गॉगलविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तो विकताना घाई होते. तयार गॉगल सहसा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यात आणि सिलिंडरशिवाय मिळतात. प्लसमध्ये फारच थोडे. मायनस ३.०० ला मायनस १.०० सिलिंडर असेल तर निम्मे सिलिंडर मिळवून मायनस ३.५० देता येतो, पण सिलिंडर मोठे असेल तर ही तडजोड मुलाच्या कामाची नाही. पीडी तर कोणी पाहतच नाही. मोठ्यांच्या ६२ मिलिमीटरच्या गॉगलमधून ५४ पीडीचे मूल पाहू लागले, की प्रत्येक डोळा केंद्राच्या चार मिलिमीटर आत पडतो. मायनस पाच नंबराला ते दोन डोळे मिळून चार डायॉप्टर बेस-इन प्रिझम होते. मग मूल म्हणते, ‘डोकं दुखतं’, आणि दोष पाण्यावर जातो. गॉगल देण्याआधी मुलाच्या डोळ्यांवर लावून तक्ता वाचून घेणे एवढे तरी व्हावे. शिवाय तो तलावासाठी आहे. वेगाच्या घसरगुंड्यांवर अनेक पार्क गॉगलही काढायला लावतात.

कॉन्टॅक्ट लेन्स हा पर्याय कोणीही सुचवू नये. अकँथामीबाच्या कवचबंद अवस्थेला तलावातले क्लोरीन पुरे पडत नाही. लेन्सखाली तो अडकला तर कॉर्नियाचा संसर्ग महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही, नजरही जाऊ शकते. वाढत्या वयाची मुले वडीलधाऱ्यांना न सांगता लेन्स घालून पाण्यात उतरतात, म्हणून हे मुलांशीच थेट बोलावे.

जास्त प्लस नंबराच्या आणि तिरळेपणाच्या मुलांचे वेगळे. चष्मा काढताच डोळा आत वळतो, नातेवाईक दचकतात, आणि कुणीतरी म्हणते, ‘चष्म्यानेच बिघडला.’ हे आधीच समजावून सांगितले नाही, तर घरी गेल्यावर तो चष्मा कपाटात जातो. आळशी डोळ्याचा उपचार दोन-चार तासांच्या पोहण्याने वाया जात नाही. कपाटात गेलेल्या चष्म्याने जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा फार मोठ्या मायनसच्या मुलांना मात्र उंच घसरगुंडीआधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

आता चष्म्याकडे. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, हे बजावून सांगावे. उन्हाने प्लास्टिकची काच कोटिंगपेक्षा जास्त फुगते आणि कोटिंगला जाळीदार तडे जातात. ती काच मग बदलावीच लागते. परतल्यावर आधी नळाखाली धुवावा, मग टिपावा. वाळूचे कण असताना टॉवेलने पुसला तर ओरखडे ठरलेलेच. आणि नवा चष्मा देताना जुनी फ्रेम परत नेऊन ठेवायला सांगावे. नंबर फार बदलला नसेल तर तिचे स्क्रू आवळून, दांड्यांना इलॅस्टिकचा पट्टा लावून द्यावा. पाण्याबाहेर जेवताना, रांगेत उभे राहताना, बसपर्यंत चालताना तोच जुना चष्मा मुलाच्या डोळ्यांवर राहू द्यावा.