'पाक' हा शब्द सोडायचा का?

मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतरच्या दिवसांत, जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी म्हैसूर पाकचं नाव बदलून 'म्हैसूर श्री' केलं. त्यावर भरपूर मीम फिरले, आपणही हसलो. पण ज्या शब्दाला ते दुकानदार घाबरले, तो आपल्या घरात रोज बोलला जातो, आणि एकाच नाही तर तीन अर्थांनी.

गुलाबजामचा पाक संस्कृतातल्या 'पच्' म्हणजे शिजवणं या धातूतून आला. पाककृती, पाकशास्त्र आणि बिचारा म्हैसूर पाक त्याच खानदानातले. दुसरा पाक फारसीतला, म्हणजे शुद्ध. नमाजाची जागा पाक हवी, कपडे पाक हवेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भाषेचे अभ्यासक या फारसी शब्दाचं नातं संस्कृत 'पावक'शी लावतात. तिसरा पाक वर्तमानपत्रांचा. मथळ्यात जागा कमी, म्हणून 'पाकला इशारा', 'पाकचा कांगावा'. पाकिस्तान हे नाव चौधरी रहमत अली यांनी 28 जानेवारी 1933 च्या पत्रकात मांडलं. त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. आधीचे दोन्ही पाक त्याच्यापेक्षा कितीतरी जुने आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एका शब्दाचे अनेक अर्थ ही आमच्या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी. सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या गाडीवर मीठ-मसाला लावून मिळतो तो पेरू, आणि लिमा राजधानी असलेला देशही पेरू. आफ्रिकेत चाड नावाचा देश आहे आणि आपल्याकडे काही लोकांना कशाचीच चाड नसते. संगणकाने काय समजायचं? तो शेजारचे शब्द बघतो. जवळ 'किलो' असेल तर फळ, 'दूतावास' असेल तर देश. नुसत्या शब्दांच्या यादीवर चालणारी गाळणी मात्र 'एकतारी पाक करून घ्या' असं लिहिणाऱ्या काकूंनाही अडवेल.

जगभर हा गोंधळ आहे आणि बहुतेक वेळा तो गमतीचाच असतो. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'! तुर्कस्तानला हे एवढं खटकलं की 2022 मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांत इंग्रजी नाव 'तुर्किये' करून घेतलं. आपल्या मुंबईत 'इराण्याकडे भेटू' म्हटलं की तेहरान कुणाच्या डोक्यात येत नाही, ब्रून मस्का येतो. तो इराणी झरतुष्ट्री आहे की शिया मुसलमान, हेही कुणी विचारत नाही. 2020 मध्ये गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या, पण म्हणून चिनी मातीची लोणच्याची बरणी कुणी फोडली नाही.

म्हणजे माणसांना संदर्भ कळतो. मग 'पाक'च्या, 'बांगलादेशी'च्या वेळी काय होतं? माझ्या मते तेव्हाही संदर्भ बघितला जातो, फक्त तो वाक्यात नाही, बोलणाऱ्याच्या नावात शोधला जातो. शेजारी साखर असेल तर मिठाई, शेजारी शेख असेल तर देश. मुसलमान जास्त राहतात ती वस्ती 'मिनी पाकिस्तान' होते. बांगला बोलणारा गवंडी 'बांगलादेशी' होतो. (जुहूतला बंगलाही मूळ बंगालचाच शब्द, पण त्याच्याकडे कागद मागत नाहीत.)

हे नुसतं टोमण्यांपुरतं राहत नाही. जून 2025 मध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय नागरिक असल्याचं दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावं लागलं. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी बंगळुरूच्या मुस्लिमबहुल भागाला पाकिस्तान म्हटलं, तेव्हा सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की भारताच्या कुठल्याही भागाला कुणी पाकिस्तान म्हणू शकत नाही. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये झारखंडच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने म्हटलं, की एखाद्याला 'पाकिस्तानी' म्हणणं अभिरुचीला धरून नाही, पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा होत नाही. जमिनीला म्हणता येत नाही, माणसाला म्हटलं तर फक्त अभिरुचीचा प्रश्न. प्रत्येक शब्दासाठी लोकांना तुरुंगात टाकावं असं मला वाटत नाही. पण तो शिकवणीतल्या मुलाला किंवा भाड्याने घर शोधणाऱ्याला ऐकवला जातो, तेव्हा त्याला अभिरुची म्हणणं फार सौम्य आहे.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, कशाला वाद? 'पाक'ऐवजी 'पवित्र' म्हणू, ट्रेनमध्ये अब्बूंशी फोनवर उर्दूत बोलू नये. त्यांची भीती मला समजते, पण त्यांचा उपाय मला पटत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये शिवसेनेच्या एका नेत्याने वांद्र्याच्या 'कराची स्वीट्स'ला नाव बदलायला सांगितलं. मालकांनी पाटीवरचं 'कराची' वर्तमानपत्राने झाकलं. तिकडे सिंधमधल्या हैदराबादेत 'बॉम्बे बेकरी' त्याच नावाने चालते. शब्द झाकून संशय कमी होत नाही. आज 'पाक' सोडला तर उद्या 'अम्मी', 'सलाम', 'इन्शाअल्लाह' यांची पाळी येईल, आणि नाव तर बदलता येणार नाहीच.

त्यापेक्षा दोन कामं करण्यासारखी आहेत. आपल्यातले बरेचजण आयटीत आहेत. कुठल्याही प्रकल्पात 'संशयास्पद शब्दां'ची यादी समोर आली, तर त्यात 'पाक' का आहे आणि म्हैसूर पाकचं काय करणार, हे बैठकीतच विचारा. आणि मराठी संपादकांना पत्रं लिहा. नागरिकत्व सिद्ध होण्याआधी मथळ्यात 'बांगलादेशी' छापू नका, 'संशयित' लिहा. शेजारी देशाबद्दल जे काही कडक लिहायचं ते खुशाल लिहा, पण त्याचं नाव पूर्ण छापा. 'पाक'पेक्षा दोनच अक्षरं जास्त लागतात.