नैरोबीस जाण्यापूर्वीं

या सदरांत बहुधा घरांतल्या प्रश्नांचीच चर्चा असते. आजचा प्रश्न समुद्रापलीकडचा आहे. तरी तो निघाला आमच्या माजघरांतूनच.

गेल्या ज्येष्ठांत एके रविवारीं लातूरचा आमचा पुतण्या आईला घेऊन नांदेडास आला. जेवणें आटोपल्यावर म्हणाला, "काका, आफ्रिकेस जाऊन यावें म्हणतों. नैरोबीस." आमच्या कुटुंबाच्या तोंडून "अगबाई, इतक्या लांब!" असा उद्गार निघाला. वहिनी मात्र कांहीं न बोलतां उठून आंत गेल्या.

पुतण्याची लातुरास भागींत डाळीची गिरणी आहे. आपल्याकडील नवी तूर मोंढ्यावर येते डिसेंबर-जानेवारींत. त्यापूर्वींचे दोन-तीन महिने गिरणीस मालाची ओढ असते व भाव चढतात. पूर्व आफ्रिकेंत तुरीची काढणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरांत होते, म्हणजे तो माल नेमका आपल्या टंचाईच्या वेळीं येतो. आजवर तो मुंबईच्या आयातदाराकडून घेतला. आतां मधली दलाली वांचवावी, हा बेत. बेत वाईट नव्हे. परंतु तेथील एक व्यापारी फोनवर "इसार पाठवा, माल राखून ठेवतों" असा तगादा लावून बसला होता, आणि त्या इसारासाठीं आईच्या पाटल्या गहाण टाकण्याचें पुतण्याच्या मनांत होतें. वहिनी उठून कां गेल्या, हें तेव्हां समजलें.

मी शाळामास्तर, व्यापारांतलें मला काय कळणार! पण पस्तीस वर्षें संस्कृत शिकवतांना एक गोष्ट पाहिली. अन्वय लावण्यापूर्वींच अर्थ सांगूं पाहणारा मुलगा हटकून चुकतो. म्हणून मीं म्हटलें, "बाळ, तिकिटाचें मागाहून पाहूं. आधीं या प्रवासाचा अन्वय लाव."

पहिला प्रश्न असा, कीं माल आहे कोठें? नैरोबी हें शहर वसलें १८९९ सालीं, मोंबासाहून निघालेल्या रेल्वेचा तळ म्हणून. तो लोहमार्ग बांधण्यास हिंदुस्थानांतून तीस हजारांहून अधिक मजूर व कारागीर गेले, आणि अडीच हजारांच्या आसपास तेथेंच मरण पावले. आज तें मोठें व्यापारी शहर आहे खरें, पण तूर शहरांत पिकत नाहीं. केनियाची तूर होते आग्नेयेकडील माचाकोस, किटुई, मकुएनी या कोरडवाहू भागांत. टांझानिया व मोझांबिक येथील पीक तर वेगळेंच. तेव्हां दहा दिवसांतले तीन शहरास द्यावेत व उरलेले शेतांस आणि कोठारांस. मोंबासाच्या हमरस्त्यावर मकुएनींतच माकिंडू येथें १९२६ सालचें गुरुद्वार आहे. रेल्वेवरील शीख कारागिरांनीं तें उभारलें, आणि वाटसरूस तेथें अजून लंगरांत जेवण मिळतें. हें ऐकून आमच्या कुटुंबाचा जीव निम्मा खालीं बसला. हुजूरसाहिबाच्या गांवीं राहणारास लंगराची थोरवी निराळी सांगावी लागत नाहीं.

दुसरा प्रश्न सरकारी हुकुमाचा. २०१५ सालीं तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरांत गेली, हें गृहिणी विसरल्या नसतील. पुढच्या वर्षीं पाऊस चांगला झाला, पीक उदंड आलें, भाव कोसळला. आणि २०१७ च्या ऑगस्टांत आपल्या सरकारनें तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. हिंदुस्थान घेईल या भरंवशावर ज्यांनीं पेरलें होतें, त्या आफ्रिकेंतील शेतकऱ्यांची तूर मातीमोल झाली. तो निर्बंध २०२१ च्या मे महिन्यांत उठला. म्हणजे मकुएनीचा शेतकरी व औशाचा शेतकरी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले आहेत, आणि दांडी दिल्लीच्या हातीं आहे. सौदा ठरविण्याच्या दिवशीं कोणता हुकूम चालू आहे आणि त्याची मुदत कधीं संपते, हें वाचल्यावांचून पैसा अडकवूं नये. शिवाय आपल्या शेतकऱ्याच्या राशी मोंढ्यावर पडलेल्या असतांना बाहेरचा माल उतरवून त्याचा भाव पाडूं नये. ज्याच्या तुरीवर गिरणी वर्षभर चालते, त्याचा तळतळाट परवडत नाहीं.

तिसरा प्रश्न इसाराचा. न पाहिलेल्या माणसास, न पाहिलेल्या मालासाठीं, आगाऊ रक्कम देऊं नये. कोठार पाहावें, पोत्याच्या वरची मूठ न घेतां मधली घ्यावी, ओलावा तपासावा. कीडमुक्ततेचा सरकारी दाखला कोण काढणार तें लिहून घ्यावें. आणि पैसा बँकेच्या पतपत्रावर द्यावा, म्हणजे जहाजावर माल चढल्याचे कागद दाखविल्यावांचून तो सुटत नाहीं. पेढीविषयीं शंका असल्यास नैरोबींत आपल्या उच्चायुक्ताची कचेरी आहे. तेथें विचारण्यांत कमीपणा नाहीं.

आतां अंगच्या तयारीविषयीं. पूर्वीं समुद्रयान कलिवर्ज्यांत धरीत, आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे. आतां प्रायश्चित्त आधींच घ्यावयाचें, तेंही दंडावर! पीतज्वराची लस ठराविक केंद्रांतच मिळते, आणि तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनीं लागू होतो, तो जन्मभर. दाखल्यावांचून केनियाहून परतणारास येथें सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. केनियानें २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा काढून टाकला, तरी प्रवासाची परवानगी आधीं संगणकावरून मागवावी लागतेच. गांव विषुववृत्ताजवळचें, पण समुद्रसपाटीपासून सुमारें अठराशे मीटर उंच. जुलै-ऑगस्टांत स्वेटर लागतो. तेथें प्लास्टिकच्या पिशव्यांस २०१७ पासून बंदी आहे, दंडही जबर. म्हणून मेतकूट आणि चटण्या डब्यांत किंवा कापडी पिशवींत बांधाव्या.

आणखी एक मौज. स्वाहिली बोलणारे लोक दिवसाचे तास सकाळीं सहापासून मोजतात; त्यांचे तीन म्हणजे आपले नऊ. आपल्या पंचांगांतील घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात, तेव्हां आपणांस हें परकें वाटूं नये. पण भेटीची वेळ ठरवितांना मात्र कोणत्या हिशेबानें, तें विचारून घ्यावें. त्या भाषेंत दुकानास 'दुका', पैशास 'पेसा' आणि विम्यास 'बिमा' म्हणतात. आपल्याकडील व्यापारी तेथें किती जुने, हें त्या शब्दांवरून दिसतें.

पुतण्यानें त्या व्यापाऱ्यास कळविलें, "मी स्वत: येऊन माल पाहीन, मग बँकेमार्फत व्यवहार करूं." त्या दिवसापासून त्याचें उत्तर नाहीं. पुतण्या चार दिवस खट्टू होता; मग त्यानें मकुएनींतील बाजारांची नवी यादी केली, लस टोचून घेतली, आणि श्रावणांतलें तिकीट काढलें. या खेपेस केवळ पाहून यावयाचें, असें ठरलें आहे.

काल वहिनींचा लातुराहून फोन आला. त्या कापडी पिशव्या शिवीत बसल्या होत्या. बोलतांना मधून मधून पाटल्यांचा आवाज येत होता.