टर्बोआधी रेडिएटर



या वेळी आमच्या घरच्याच गाडीची गोष्ट सांगतो. 2004 सालची साधी डिझेल गाडी, टर्बो नसलेली. बाबांची. ते गेल्यापासून ती हुबळीत आमच्या अंगणात उभी असते आणि वर्षातून दोनदा आम्हाला गोव्याला कुलदैवताला नेते. विकायचा विषय काढला की आई उठून आत जाते.

मागच्या खेपेला परतताना मोलेम सोडून अनमोडचा चढ लागला आणि काटा तांबड्यात गेला. अर्धा तास थांबलो. घरी आल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, काकांच्या गाडीला टर्बो बसवू. घाटात दम लागणार नाही." किटची किंमतही त्याने काढून ठेवली होती.

मी सॉफ्टवेअरवाला. आधीच्या एररचं कारण कळल्याशिवाय चालत्या सिस्टीमवर नवं काही चढवत नाही. म्हणून आधी गोकुळ रोडच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गरम कधी होते?" ट्रॅफिकमध्ये उभी असताना झाली तर पंखा बघायचा. चढावर किंवा वेगात झाली तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप. गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतं, ऑइल दुधाळ झालंय, पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केटचा संशय. आणि गरम इंजिनाची टोपी कधीही उघडायची नाही. साधारण 1 बार दाबाखाली पाणी 100 नव्हे, सुमारे 120 अंशांना उकळतं. टोपी काढली की दाब जातो आणि ते अंगावर उसळतं.

आमची चढावर तापत होती. रेडिएटर उघडला तर आतल्या नळ्या पांढऱ्या क्षारांनी बुजलेल्या. कूलंट नावालाही नाही.

कारण मला लगेच कळलं. बाबा रोज सकाळी बॉनेट उघडून तांब्याभर पाणी घालायचे. मलप्रभेचं पाणी नळाला आठवड्याने यायचं, ते पिण्याला. गाडीला बोअरचं, जड. बाबांनंतर तो तांब्या आईने चालू ठेवला होता.

रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बदलले, कूलंट भरलं. मग कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडर सारखे, चौथा बराच खाली. त्यात हवा सोडली तर ऑइलच्या झाकणातून फुसफुस. म्हणजे रिंगा झिजल्या.

इथेच टर्बोचा विषय संपला. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, तेवढाच धुरातून जातो आणि उरलेला कूलंटने वाहून न्यायचा असतो. टर्बो जास्त हवा कोंबतो, जास्त डिझेल जळतं, सगळेच आकडे वाढतात. त्याचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही याच ऑइलवर. कंपन्या टर्बो देतात तेव्हा पिस्टन, गॅस्केट, कूलिंग सगळं त्या हिशोबाने करतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. 2019 साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आमच्या गाडीला दर 5 वर्षांनी आरटीओपुढे उभं राहायचं असतं.

भाऊ थोडा हिरमुसला. पण पुढच्या खेपेला अनमोड त्यानेच चढवला, तिसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. काटा मधोमध राहिला. रिंगांचं काम उन्हाळ्यात काढू.

अवघड होतं ते आईला सांगणं. "म्हणजे आम्हीच बिघडवली का रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुम्ही रोज बॉनेट उघडत होतात म्हणून तर ती इतकी वर्षं चालली. आता ती दर रविवारी गाडी थंड असताना कूलंटच्या बाटलीवरच्या दोन खुणा बघते. पातळी मधे असली की मला फोन करते.

तुमच्याही घरी अशी जुनी गाडी असेल, तर या रविवारी बॉनेट उघडा. आणि तांब्या घेऊन कोण जातं, तेही बघा.