उतारूंची जबाबदारी तांडेलाचीच

दिनांक 24 मे 2022 रोजी मालवण तालुक्यातील तारकर्लीच्या समुद्रात वीस पर्यटकांना घेऊन निघालेली एक होडी उलटली. समुद्रतळाची शोभा पाहून, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांत सांगायचे तर ‘स्कूबा डायव्हिंग’ करून, ही मंडळी किनाऱ्याकडे परतत होती. त्यांपैकी दोघांना प्राणास मुकावे लागले. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरणे हा या सफरीतील धाडसाचा भाग. तो पार पडला होता. घात झाला तो परतीच्या वाटेवर, ज्याला कोणी धाडस म्हणत नाही अशा साध्या होडीच्या प्रवासात. अशा सफरींच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की पाण्याखाली नेणाऱ्या पाणबुड्याच्या शिक्षणाविषयी पुष्कळ बोलले जाते. पाण्यावरून नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या तांडेलाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

तारकर्ली महाराष्ट्रात, तेव्हा गोमंतकाने तिची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. पण तेरेखोलच्या खाडीवर राज्याची हद्द संपते, समुद्र संपत नाही. आणि पर्यटनाचा व्यापार तर ही हद्द केव्हाच ओलांडून गेला आहे. कळंगुट-बागाच्या परिसरात मालवणच्या स्कूबा सफरीची तिकिटे विकली जातात. पहाटे गाडी पर्यटकांना उचलते आणि पेडणे तालुका ओलांडून सिंधुदुर्गात नेते. पैसे गोव्यात घेतले जातात, होडी महाराष्ट्रात सुटते. इकडे आपल्याच किनाऱ्यांवरून ग्रांदे बेटाकडे बुडी मारणाऱ्यांच्या होड्या जातात. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून पर्यटकांचा ओघ थेट पेडण्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबला आहे. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांना हा प्रश्न परका म्हणता येणार नाही.

तारकर्लीनंतर तरी आम्ही काही शिकलो काय? 7 मे 2023 रोजी केरळात तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून 22 जण बुडाले. ती मूळची मासेमारीची होडी. तिला सहलीच्या बोटीचा साज चढवला होता, आणि तीत वाजवीपेक्षा अधिक माणसे भरली होती. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. तेथेही क्षमतेपेक्षा अधिक भरणा होता. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि दोन्हींवरील मिळून 15 जीव गेले. टक्कर देणारी नौका दुसऱ्याची होती हे खरे. परंतु 84 उतारूंचा परवाना असलेल्या ‘नीलकमल’वर शंभराहून अधिक माणसे होती, हेही तितकेच खरे. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच, ऐन नाताळच्या दिवशी, कळंगुटला किनाऱ्यापासून अवघ्या साठेक मीटरवर पर्यटकांची होडी उलटली. एक गृहस्थ दगावले, इतरांना जीवरक्षकांनी बाहेर काढले. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक उतारूंसह बुडाली, तेव्हापासून कोकणच्या घराघरांत ती कथा सांगितली जाते. कथा सांगण्यात आम्ही कधी कमी पडलो नाही. तिच्यावरून काही शिकण्यात मात्र पडलो.

बुडी मारणाऱ्यांना नेणारी होडी ही साध्या सहलीच्या होडीहून अधिक जोखमीची असते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. तिच्यात माणसांखेरीज जड नळकांडी असतात. पाण्यातून वर येणारे सगळे एकाच बाजूने चढतात आणि होडी कलते. वर आलेला माणूस दमलेला, गारठलेला, पुष्कळदा पोहता न येणारा असतो; कारण ‘पोहता येत नसले तरी चालेल’ हे तर या सफरींचे जाहिरातवाक्यच झाले आहे. माणसे पाण्यात असताना इंजिनाचा पंखा फिरत राहिला, तर तो पंखा नव्हे, ते शस्त्र होते. म्हणूनच खाली पाणबुडे आहेत हे इतर नौकांना कळावे यासाठी पांढऱ्या-निळ्या रंगांचा आंतरराष्ट्रीय संकेताचा ध्वज लावण्याची रीत जगभर आहे. तो ध्वज दिसताच इतरांनी वेग कमी करावा आणि दूर राहावे, असा त्याचा अर्थ. आमच्या किनाऱ्यांवर स्कूटर आणि केळ्याच्या आकाराच्या फुगीर होड्या घेऊन धावणाऱ्या किती जणांना तो ओळखता येईल?

याहून साधी गोष्ट म्हणजे माणसे मोजणे. जानेवारी 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर एक अमेरिकन दांपत्य पाण्याखाली असतानाच त्यांची बोट परत निघून गेली. त्यांच्या वस्तू बोटीवर सापडल्या तेव्हा, दोन दिवसांनी, ते मागे राहिल्याचे लक्षात आले. ते दोघे पुन्हा कधीच सापडले नाहीत. एका चुकलेल्या मोजणीने दोन जीव घेतले. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्यांच्या बोटीला रात्री आग लागली आणि खाली झोपलेले 34 जण मरण पावले. रात्रीचा पहारा ठेवला नव्हता. तेथील न्यायालयाने त्या बोटीच्या कप्तानाला 2023 साली दोषी ठरवले आणि पुढील वर्षी चार वर्षांची शिक्षा दिली. आगीचे नेमके कारण काय, याचा वाद कप्तानाला वाचवू शकला नाही. पहारा ठेवणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले नव्हते, एवढे पुरेसे ठरले.

आमच्याकडे काय होते? तिकीट विकणारा म्हणतो, मी केवळ दलाल. गाडीवाला म्हणतो, मी किनाऱ्यापर्यंतचा. पाणबुडा म्हणतो, माझे काम पाण्याखाली. होडीचा मालक म्हणतो, त्या दिवशी मी होडीवर नव्हतो. आणि होडी हाकणारा पोरगा म्हणतो, मालकाने सांगितले तेवढी माणसे घेतली. शेवटी पर्यटकाने सही केलेले हमीपत्र पुढे केले जाते. ही सही म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे. हलगर्जीपणाने दुसऱ्याच्या मृत्यूला कारण होणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि मेलेल्या माणसाच्या सहीने तो पुसला जात नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, हे योग्यच झाले. परंतु माणूस मरण्यापूर्वीच्या गुन्ह्याचे काय? भाडे घेऊन धोकादायक वा अतिभाराच्या नौकेतून माणसे नेण्याबद्दल 1860 च्या दंडविधानात सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. त्या काळी हजार रुपये ही रक्कम होती. नव्या संहितेत तो दंड पाच हजार झाला. आज एवढी रक्कम सुगीच्या दिवसांत होडीच्या एका फेरीत सुटत असेल, तर तो दंड राहिला कोठे? तो धंद्याचा खर्च झाला.

होडीवाल्यांचीही एक बाजू आहे आणि ती आम्ही नाकारीत नाही. मासळी दुर्मीळ होत चालली, म्हणून कित्येक गाबीत आणि खारवी कुटुंबांनी कर्ज काढून पर्यटकांच्या होड्या घेतल्या. त्यांच्या चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष निभावते. अपघात झाला की चार दिवस सरसकट बंदी, नंतर पुन्हा येरे माझ्या मागल्या, या सरकारी रीतीने प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि बेपर्वा सुटतो. पर्यटक जाकीट घालायला नकार देतात, कधी मद्य पिऊन येतात, ही तक्रारही खोटी नाही. कळंगुटच्या होडीत दोघे सोडून बाकीच्यांनी जाकिटे घातली होती, असे जीवरक्षकांकडून तेव्हा सांगण्यात आले. पण अशा वेळी उत्तर एकच आहे: जाकीट नाही तर होडी हलणार नाही. नार्व्याची किंवा केरीची फेरीबोट पुढची फळी वर उचलल्याशिवाय धक्का सोडते काय? मागे उभे असलेले कितीही ओरडोत, फेरीवाला ऐकत नाही. तेच त्याचे कर्तव्य आहे.

डिचोलीच्या लोकांनी वर्षानुवर्षे खनिजाच्या बार्जी मांडवीतून जाताना पाहिल्या आहेत. बार्ज किती पाण्यात बसली की भरणे थांबवायचे, हे तिच्यावरच्या खलाशाला नेमके ठाऊक असते. लोखंडी मातीला मर्यादेची रेषा आहे आणि माणसांना नाही, हा कोठला न्याय? आमच्या किनाऱ्यावरचा जुना मच्छीमार नारळी पौर्णिमेपूर्वी दर्यात होडी लोटीत नसे, आणि तांडेल ‘आज नको’ म्हणाला की मालकाचीही होडी वाळूवरच राहत असे. तो शब्द भित्रेपणाचा नव्हता, ज्ञानाचा होता. नव्या धंद्याने होडी घेतली, इंजिन घेतले, तांडेलाचा तो शब्द मात्र मागे टाकला. 18 जानेवारी 2025 रोजी पेडण्यातील केरीच्या पठारावरून आकाशात झेपावलेली पुण्याची तरुणी आणि तिचा चालक दरीत कोसळून मरण पावले. तो व्यवसाय परवान्याविना चालल्याचे पोलिसांनी सांगितले. जे आकाशात घडले तेच पाण्यात घडते. उघड्या किनाऱ्यावर दिवसाढवळ्या चालणारा धंदा अपघातानंतरच बेकायदा कसा ठरतो, याचे उत्तर परवाने देणाऱ्या आणि न देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही दिले पाहिजे.

बंदर कप्तान खाते आणि पर्यटन खाते यांच्याकडे आमचे मागणे अवघड नाही. प्रत्येक होडीवर तिची उतारूसंख्या आणि त्या दिवशीच्या तांडेलाचे नाव मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लिहिलेले असावे. निघताना आणि परतताना माणसे मोजून किनाऱ्यावरच्या वहीत नोंद व्हावी. हवा पाहून फेरी रद्द करण्याचा अंतिम अधिकार त्या तांडेलाचा असावा, आणि तशा वेळी दलालाने पैसे परत करावेत. गोव्यात तिकीट विकणाऱ्याला मालवणच्या होडीबद्दलही जबाबदार धरता यावे, यासाठी दोन्ही राज्यांच्या खात्यांनी एकत्र बसावे. आणि दर अपघाताच्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर यावा. तो कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेला नसतो.

ज्याने भाडे घेतले त्याने जीव स्वीकारला, ही किनाऱ्याची जुनी नीती आहे. ती कायद्यात आणा आणि वाळूवर पाळून दाखवा. मग दर्याला बोल लावण्याची पाळी फारशी येणार नाही.