पंक्चर काढायलाही आता शिकावं लागतं

१४ एप्रिल २०२५ रोजी हरियाणातल्या हिसार इथे पंतप्रधानांनी वक्फच्या संदर्भात एक विधान केलं. वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिकपणे उपयोग झाला असता, तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चरं काढून दिवस काढावे लागले नसते, असा त्याचा आशय होता. वक्फ सुधारणा कायदा लागू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. साहजिकच त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. वक्फचा प्रश्न मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते पंक्चरच्या दुकानाबद्दल.

‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याला टोमणा म्हणून ऐकवण्याची सुरुवात काही त्या दिवशी झाली नाही. मोबाइलवर तो कित्येक वर्षं फिरतोय. त्यावर आपल्या घरांमध्ये दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक म्हणजे राग: मेहनतीची, हलाल कमाई आहे, त्यात लाज कसली? दुसरं म्हणजे लाज: आमचा मुलगा काहीही करेल, पण हे काम करणार नाही. पहिलं बोलणं बरोबरच आहे. दुसऱ्यामागची आई-बापाची तळमळही समजते. पण या दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट निसटते. ज्या दुकानावरून हा वाद चाललाय, ते दुकान आतून बदलतंय, आणि आपण तिकडे पाहतच नाही.

हे काम आपल्याकडे का आलं?

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. पगारी नोकरीत शिरकाव कमी, म्हणून हाताच्या हुनरावर पोट. पंक्चरच्या दुकानाला भांडवल कमी लागायचं. एक पाण्याचं टब, हवेचा पंप, पाने, सॉल्युशनची ट्यूब आणि रस्त्याकडेची जागा, एवढ्यावर काम सुरू. ना सर्टिफिकेट, ना मुलाखत. उस्तादाकडे दोन-तीन वर्षं राबायचं आणि मग स्वतःचा बोर्ड लावायचा.

तरीही हे काम एका समाजाचं आहे हे म्हणणं खरं नाही. आपल्याच राज्यातल्या हायवेवर नजर टाका. केरळमधून आलेल्या मंडळींनी टायरची कितीतरी दुकानं चालवलेली दिसतील. त्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत. रात्री दोन वाजता टायर बसला की गाडीवाला दुकानदाराचं नाव विचारत नाही, दिवा कुठे लागलाय ते पाहतो.

टायर बदलला, काम बदललं

जुना टायर म्हणजे आत ट्यूब. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले की जागा घासून पॅच मारायचा. आज कार आणि बहुतेक नव्या मोटारसायकली ट्यूबलेस टायरवर चालतात. त्यात हवा टायर आणि रिम यांच्यामध्येच कोंडलेली असते. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते. ही मोठी सोय आहे. पण दुरुस्तीची अक्कल वेगळी लागते.

आपल्याकडे सर्रास बाहेरून स्ट्रिप मारली जाते. पाच मिनिटांत काम होतं, टायर रिमवरून उतरवावाही लागत नाही. पण आतली तार तुटली आहे का, रबर किती कापलंय, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ही दुरुस्ती घरी पोहोचण्यापुरती धरायची. पक्की पद्धत म्हणजे टायर उतरवून आतून तपासायचा आणि मश्रूम पॅच बसवायचा. त्याची दांडी छिद्र भरते आणि टोपी आतून चिकटते. तेही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात, आणि छिद्र साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच. टायरची बाजूची भिंत फाटली असेल तर दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. ‘चलता है’ म्हणून बाजूला स्ट्रिप मारून देणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे पैसे वाचवत नाही, त्याचा जीव टांगणीला लावतो.

पुढची गोष्ट सेन्सरची. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालक सोडून आठपर्यंत प्रवाशांच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनीची सक्ती राहिली नाही. म्हणजे अनेक नव्या गाड्यांत व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. लोखंडी पट्टीने जोर लावून टायर उपसला की तो सेन्सर तुटतो, अलॉय रिमवर ओरखडे येतात, आणि भरपाई दुकानदाराच्या माथी. म्हणून टायर चेंजर मशीन लागतं, बॅलन्सिंगचं मशीन लागतं. दोन्हींचा खर्च लाखांत जातो. इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे वजनदार आणि सुटतानाच जोर लावणाऱ्या, त्यामुळे त्यांचे टायर लवकर झिजतात. हे काम वाढणारच आहे. प्रश्न एवढाच, की ते आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानात येईल की कंपनीच्या एसी शोरूममध्ये जाईल?

समृद्धीने दिलेला धडा

टायरची हवा ही किरकोळ बाब नाही, हे महाराष्ट्राला समृद्धी महामार्गाने शिकवलं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, खाली काँक्रीट, आणि विदर्भ-मराठवाड्याचं ऊन. या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरुवातीपासून झाली. परिवहन विभागाने झिजलेल्या टायरच्या गाड्या तपासून परत पाठवण्याची मोहीमही घेतली.

सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात याच महामार्गावर रात्री काही गाड्यांचे टायर एकापाठोपाठ पंक्चर झाले. रस्त्यावर खिळे ठोकल्याचे व्हिडिओ लगेच फिरले. कोणी ठोकले याचे तर्कही सुरू झाले. नंतर रस्ते विकास महामंडळाचा खुलासा आला. ते खिळे नव्हते, काँक्रीटच्या भेगा बुजवण्यासाठी ठेकेदाराने बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल होते. अशा वेळी खुलासा येईपर्यंत थांबावं, एवढं आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हवेबद्दलचा एक गैरसमज मात्र घालवायला हवा. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून कमी भरा’ असं पुष्कळ जण सांगतात. होतं उलट. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, घर्षण वाढतं, आतून तापतं, आणि वेगात असतानाच टायर फाटतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची, लांब पल्ला मारून आल्यावर नाही. आणि कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, म्हणजे टायर गोटा झाला. नियमानेही तो रस्त्यावर चालत नाही.

दुकानदाराच्या जिवाचं काय?

गिऱ्हाइकाच्या सुरक्षेबद्दल आपण बोलतो, हवा भरणाऱ्या पोराबद्दल कोणी बोलत नाही. ट्रकच्या टायरमध्ये १०० पीएसआयच्याही वर दाब असतो. ज्या रिमला वेगळी लॉक रिंग असते, ती नीट बसली नाही तर हवा भरताना सुटून गोळीसारखी उडते. कामगाराचा चेहरा, छाती तिच्या वाटेत असते. उपाय ठाऊक आहेत, महागही नाहीत. चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडणे, लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरणे, लांब पाइप वापरून बाजूला उभं राहणे, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढणे. किती दुकानांत हा पिंजरा आहे? आपल्या वस्तीतली दुकानं मोजून बघा.

आणि त्या पिंजऱ्याविना कामाला कोण बसलंय, तेही बघा. १४ वर्षांखालच्या मुलाला दुकानात कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सूट आहे ती फक्त स्वतःच्या घरच्या व्यवसायात, तीही शाळेनंतर आणि धोक्याचं काम नसेल तर.

शाळा की दुकान, हा प्रश्नच चुकीचा

आम्ही शिक्षक आहोत. नववीत पट कमी होतो तेव्हा आम्हाला ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सर, शिकून तरी काय, पंक्चरच काढायचंय ना?’ यावर आम्ही आता सरळ सांगतो की पंक्चर काढायचं असेल तरी दहावी पूर्ण करू द्या.

एका टायरवर काय लिहिलंय ते वाचा: १८५/६५ आर १५, ८८ एच. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर. भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. रिम १५ इंचाची. ८८ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. शिवाय चार आकड्यांचा एक कोड: २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. यात टक्केवारी आहे, एककं आहेत, इंग्रजी अक्षरं आहेत. दाबाचा धडा विज्ञानात आहेच. ३३ पीएसआय म्हणजे किती बार, हे ज्याला काढता येतं तोच नव्या गाडीचं मीटर वाचू शकतो. शाळा सोडून दुकानात आलेलं पोर ट्यूबच्या जमान्यात उस्ताद व्हायचं. आता ते आयुष्यभर नट खोलणारंच राहील आणि मशीन दुसरा चालवेल.

टायर फिटर हे आता कौशल्य प्रशिक्षणाच्या सरकारी चौकटीत नोंदलेलं काम आहे. जे आधीपासून काम करतात, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही त्या चौकटीत आहे. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स आहे. एक गोष्ट मात्र सरकारला विचारायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कामं आहेत. लोहार, कुलूप बनवणारा, न्हावी, शिंपी आहेत, पंक्चर काढणारा नाही. ज्या कामाचा उल्लेख भाषणात होतो, त्या कामाला यादीतही जागा द्या, ही मागणी रास्त आहे.

आता काय करता येईल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४,००० रुपयांचा टायर ५,१२० ला पडायचा, तो ४,७२० ला पडतो. टायरमागे ४०० रुपये. गोटा झालेला टायर बदलायला एक बहाणा कमी झाला. नवा टायर घेताना वाचकांनी बनावटीचा आठवडा पाहावा, व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगावा, बॅलन्सिंग करून घ्यावं, नट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आवळले जातायत का ते बघावं, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासून घ्यावेत. जो दुकानदार हे न सांगता करतो त्याला चार पैसे जास्त द्या. घासाघीस तिथे करू नका.

दुकानदार भाईंनी उद्यमची नोंदणी करावी, ती मोफत आहे आणि आधारवर होते. मशीनसाठी मुद्रा कर्ज आहे, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या योजना आहेत. व्याजामुळे ज्यांना बँकेकडे जायचं नाही, त्यांच्यासाठी आपल्या बैतुलमालने आणि जमातीने कर्ज-ए-हसना द्यावं. रमजानमध्ये रेशनचे किट वाटतो, ते वाटायलाच हवेत. त्यासोबत दरवर्षी मोहल्ल्यातल्या एका दुकानाला टायर चेंजर आणि एक पिंजरा दिला, तर दोन-तीन घरं पुढच्या रमजानला घेणाऱ्यांच्या नाही, देणाऱ्यांच्या रांगेत असतील.

आमच्या शाळांनीही आपला वाटा उचलावा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक रविवार ठरवा. जमातखान्यात चार दुकानदार बोलवा, एखादा जाणकार फिटर बोलवा, आठवी-नववीची मुलं-मुली समोर बसवा. मुलांना टायरवरचे आकडे वाचायला लावा, दुकानदारांना मश्रूम पॅच आणि पिंजऱ्याचं काम दाखवा. आणि त्या चार दुकानदारांकडून एक शब्द घ्या, की दहावी पूर्ण झाल्याशिवाय कुणाच्याही पोराला कामावर ठेवणार नाही.